वाचकांचे प्रश्न : हवामान बदलाची बातमी आणि तिच्यामागचा पुरावा

हवामान बदलाविषयीच्या बातम्या, ब्लॉग आणि दूरचित्रवाणीवरील चर्चा यांच्याबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहे. जागेच्या मर्यादेमुळे पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : पत्रकाराने दोन्ही बाजू मांडाव्यात, असे आम्ही नेहमी ऐकत आलो. मग चर्चेत हवामान बदल नाकारणाऱ्या व्यक्तीला बोलावले की काही जण नाराज का होतात? दोन्ही मते ऐकवून निर्णय प्रेक्षकांवर सोडणे हाच निःपक्षपातीपणा नव्हे काय? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : दोन्ही बाजू मांडण्याचा नियम चांगला आहे आणि तो जिथे लागू होतो तिथे पत्रकाराने तो कसोशीने पाळला पाहिजे. कार्बनवर कर लावावा की नाही, कोळशावरची वीजकेंद्रे किती वर्षांत बंद करावीत, श्रीमंत देशांनी गरीब देशांना किती भरपाई द्यावी, या प्रश्नांची उत्तरे मूल्यांवर आणि हितसंबंधांवर अवलंबून असतात. तेथे एकाच बाजूची बातमी देणारा वार्ताहर आपल्या कामात कमी पडतो. पृथ्वीचे सरासरी तापमान वाढले आहे काय आणि ते कशामुळे वाढले, हे प्रश्न मात्र मोजमापाचे आहेत. हवाई बेटांवरील मौना लोआ येथील वेधशाळेत १९५८ साली वातावरणातील कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. २०११ ते २०२० या दशकाचे जागतिक तापमान १८५० ते १९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सियसने अधिक होते, आणि ही वाढ माणसामुळे झाली आहे हे निर्विवाद असल्याचे आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालाने २०२१ मध्ये स्पष्ट शब्दांत नोंदवले. इतक्या पुराव्यासमोर एक नकार ठेवून ‘आता आपणच ठरवा’ असे म्हणणाऱ्या निवेदकाने प्रेक्षकाला माहिती दिलेली नसते, तर पुराव्याचे वजन त्याच्यापासून लपवलेले असते.

ही चूक काही तुरळक नव्हती. मॅक्सवेल बॉयकॉफ आणि ज्यूल्स बॉयकॉफ या संशोधकांनी १९८८ ते २००२ या काळातील अमेरिकेच्या चार नामवंत वृत्तपत्रांतील बातम्या तपासून २००४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या निम्म्याहून थोड्या अधिक बातम्यांत ‘तापमानवाढीला माणूस कारणीभूत आहे’ आणि ‘हे केवळ निसर्गाचे चढउतार आहेत’ या दोन्ही म्हणण्यांना जवळजवळ सारखीच जागा दिलेली होती. एकेकटा वार्ताहर आपापल्या परीने नियमच पाळत होता. त्या सर्वांच्या बातम्या वाचणाऱ्या नागरिकाच्या मनात मात्र शास्त्रज्ञांमध्ये उभी फूट पडली असल्याचे चित्र तयार होत होते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये बीबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी मागील दहा वर्षांत जगाचे तापमान उलट किंचित घटल्याचे सांगितले आणि मुलाखतकाराने त्यांना हटकले नाही. ऑफकॉम या नियामक संस्थेने २०१८ मध्ये हा अचूकतेच्या नियमाचा भंग ठरवला. त्याच वर्षी बीबीसीने आपल्या पत्रकारांना लेखी सूचना दिली की निःपक्षपातीपणासाठी सरसकट नकार देणाऱ्यांना बोलावण्याची गरज नाही.

याचा अर्थ शास्त्रज्ञांमध्ये वाद नाहीत असा कृपया घेऊ नये. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाले तर अखेरीस तापमान नेमके किती वाढेल, याची आयपीसीसीने दिलेली संभाव्य मर्यादाच २.५ ते ४ अंश इतकी रुंद आहे, आणि त्या रुंदीचे एक मोठे कारण ढगांचे वर्तन हे आहे. अंटार्क्टिकाचे हिमस्तर किती वेगाने ढासळतील, एखाद्या विशिष्ट प्रदेशातील पाऊस वाढेल की घटेल, यांवर गंभीर आणि अभ्यासपूर्ण मतभेद आहेत. खोट्या वादाला दिलेली जागा या खऱ्या वादांच्या वाट्याची असते, आणि मला सर्वांत अधिक खंत वाटते ती याची. ढगांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना समोरासमोर बसवणारी चर्चा मी आनंदाने ऐकेन.

प्रश्न : एका ब्लॉगवर वाचले की नासाने तापमानाचे जुने आकडे गुपचूप बदलले आणि प्रत्यक्षात १९३४ हेच सर्वांत उष्ण वर्ष होते. आमचे प्राध्यापक म्हणतात, ब्लॉगवर विश्वासच ठेवू नका. ते बरोबर आहे काय? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपण उल्लेखलेल्या दाव्यामागे एक खरी घटना आहे आणि ती नीट समजून घेतली तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच मिळते. खाण उद्योगात काम केलेले कॅनडाचे स्टीफन मॅकिंटायर हे २००५ पासून एक ब्लॉग चालवत होते. नासाच्या गॉडार्ड संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी हवामान केंद्रांच्या नोंदींत जानेवारी २००० च्या सुमारास अचानक उडी दिसते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी संस्थेला तसे कळवले. संस्थेने तपासले तेव्हा २००० पासूनची माहिती दुरुस्त्या न केलेल्या स्वरूपात जुन्या मालिकेला जोडली गेल्याचे निष्पन्न झाले. ऑगस्ट २००७ मध्ये आकडे सुधारण्यात आले. अमेरिकेची २००० ते २००६ या वर्षांची सरासरी सुमारे ०.१५ अंशाने खाली आली, आणि अमेरिकेपुरत्या यादीत १९३४ हे वर्ष १९९८ च्या किंचित पुढे गेले. त्या दोन वर्षांतील फरक आधीही नगण्य होता आणि नंतरही नगण्यच राहिला. जगाच्या सरासरीवर या दुरुस्तीचा परिणाम अंशाच्या काही सहस्रांशांइतका झाला.

मॅकिंटायर यांनी दाखवलेली चूक खरी होती आणि ती दाखवून देणे हे उपयुक्त काम होते, हे मी निःसंकोचपणे म्हणेन. पुढे मात्र ही बातमी एका ब्लॉगवरून दुसऱ्या ब्लॉगवर आणि तिथून रेडिओवर गेली, आणि या प्रवासात ‘अमेरिकेपुरते’ ही मर्यादा गळून पडली. अमेरिकेच्या सलग भूभागाचा वाटा पृथ्वीच्या पृष्ठभागात दोन टक्क्यांहूनही कमी आहे. त्या दोन टक्क्यांवरची एक छोटी दुरुस्ती संपूर्ण पृथ्वीच्या तापमानाचा निकाल म्हणून वाचकांसमोर आली, आणि आपल्या पत्रावरून दिसते की ती अजूनही तशीच फिरते आहे. ‘गुपचूप’ हा आरोप तर पूर्ण निराधार आहे, कारण चूक दाखवणाऱ्याच्या नावानिशी ती मान्य केली गेली होती.

जुने आकडे दुरुस्त करावेच का लागतात, असेही आपण विचारले आहे. हवामान केंद्र एका जागेवरून दुसरीकडे हलते, नोंद घेण्याची वेळ बदलते, तापमापकाचा प्रकार बदलतो. समुद्राचे तापमान पूर्वी बादलीने पाणी वर काढून मोजत असत आणि वर येईपर्यंत ते पाणी थोडे थंड होत असे. पुढे ते जहाजाच्या इंजिनाकडे ओढल्या जाणाऱ्या पाण्यात मोजले जाऊ लागले. या फरकांचा हिशेब न करता आकडे जोडले तर बदल हवामानाचा की उपकरणाचा, हे कळत नाही. अनेकांना हे ठाऊक नसते की समुद्राच्या नोंदींमधील या दुरुस्त्यांमुळे जगाची एकूण तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी दिसते. आकडे फुगवण्याच्या हेतूने कोणी ही दुरुस्ती केली असती तर ती उलट दिशेने झाली असती. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना या नोंदींबद्दल शंका होत्या, म्हणून त्यांनी बर्कली अर्थ हा स्वतंत्र प्रकल्प उभारून सर्व आकडे नव्याने तपासले. २०१२ पर्यंत त्यांचा निष्कर्ष आधीच्या संस्थांशी जुळला आणि तो त्यांनी जाहीरपणे मांडला.

म्हणून आपल्या प्राध्यापकांच्या सल्ल्यात मी थोडा बदल सुचवेन. ब्लॉग हे फक्त छापण्याचे एक साधन आहे; त्यातून उत्तम काम झाले आहे आणि अतिशय वाईटही झाले आहे. हवामानशास्त्रज्ञांच्या एका गटाने डिसेंबर २००४ मध्ये रिअलक्लायमेट हा ब्लॉग सुरू केला आणि वृत्तपत्रांत ज्या मुद्द्यांना चार ओळीही मिळत नसत त्यांवर तेथे सविस्तर लिहिले गेले. इनसाइड क्लायमेट न्यूज हे संकेतस्थळ २००७ मध्ये दोन माणसांच्या ब्लॉगच्या रूपात सुरू झाले. कॅलामझू नदीतील तेलगळतीवरील त्यांच्या शोधमालिकेला २०१३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. दुसऱ्या बाजूला, १९९८ या एल निनोमुळे विलक्षण उष्ण ठरलेल्या वर्षापासून आलेख सुरू करून ‘तापमानवाढ थांबली’ असे सांगणारे ब्लॉग कित्येक वर्षे चालले, आणि त्यांचे म्हणणे छापणाऱ्या मोठ्या वृत्तपत्रांचीही उणीव नव्हती. आलेख पाहिला की तो कोणत्या वर्षी सुरू होतो आणि त्यात कोणता भूभाग मोजला आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. लेखक मूळ शोधनिबंधाचा दुवा देतो की दुसऱ्या ब्लॉगचाच, हे तपासावे. लेखकाने पूर्वी केलेल्या चुका त्याच पानावर, तारखेसह दुरुस्त केलेल्या दिसतात काय, हेही पाहावे. मला स्वतःला ही खूण सर्वांत विश्वासार्ह वाटते.

नोव्हेंबर २००९ चा ईमेल प्रकारही आपण विचारला आहे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामान संशोधकांचे ईमेल चोरून कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर उघड करण्यात आले, आणि त्यांतील ‘घट लपवण्या’बद्दलचे एक वाक्य जगभर छापले गेले. ही घट जगाच्या तापमानातील नव्हती. झाडांच्या वाढवलयांवरून काढलेले तापमानाचे अंदाज सुमारे १९६० नंतर काही ठिकाणी तापमापकांशी जुळत नाहीत, आणि ते वाक्य त्या अंदाजांमधील घटीबद्दल होते. २०१० मधील चौकशांत आकडे बनावट केल्याचे आढळले नाही. माहिती खुली करण्यात संशोधकांनी टाळाटाळ केल्याचा ठपका मात्र ठेवला गेला आणि तो रास्त होता. ‘कशातली घट?’ एवढा एक प्रश्न विचारून मग बातमी देणे प्रत्येक वृत्तकक्षाला शक्य होते.

प्रश्न : पूर आला किंवा उष्णतेची लाट आली की दुसऱ्याच दिवशी ‘हवामान बदलाचा तडाखा’ असा मथळा येतो. त्याच वेळी एखादा तज्ज्ञ सांगतो की एका घटनेवरून काहीच सिद्ध होत नाही. यांतले खरे काय मानावे?

उत्तर : आपण सांगितलेले तज्ज्ञाचे उत्तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी योग्य होते, आज ते अपुरे आहे. युरोपातील २००३ च्या प्राणघातक उन्हाळ्याचा अभ्यास करून पीटर स्टॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की अशा उन्हाळ्याचा धोका मानवी उत्सर्जनामुळे किमान दुप्पट झाला असण्याची दाट शक्यता आहे. आजचे हवामान आणि मानवी उत्सर्जन नसते तर असते ते हवामान, अशा दोन जगांत तीच घटना किती वेळा घडेल याची तुलना करणे, ही त्यामागची पद्धत. आता वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन हा शास्त्रज्ञांचा गट असे विश्लेषण काही दिवसांत किंवा आठवड्यांत करतो. कॅनडातील लिटन या गावी २९ जून २०२१ रोजी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले. त्याआधीचा त्या देशाचा उच्चांक १९३७ सालचा, ४५ अंशांचा होता; आणि दुसऱ्याच दिवशी वणव्यात लिटनचा बहुतांश भाग जळून गेला. मानवी हस्तक्षेपाविना ही लाट जवळजवळ अशक्य होती, असा त्या गटाचा निष्कर्ष होता. अशा बातमीत हवामान बदलाचा उल्लेख टाळणे हीच त्रुटी ठरेल.

त्याच गटाचे एक वेगळे काम मला याहून महत्त्वाचे वाटते. मादागास्करच्या दक्षिण भागात सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि लाखो लोक उपासमारीच्या कड्यावर आले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २०२१ मध्ये या संकटाचे खापर हवामान बदलावर फोडले आणि ‘हवामान बदलाने ओढवलेला जगातील पहिला दुष्काळ’ असे मथळे सर्वत्र आले. डिसेंबर २०२१ मध्ये या गटाने पावसाचे आकडे तपासून सांगितले की ही तूट मुख्यतः नैसर्गिक चढउतारांतील आहे, तिच्यात हवामान बदलाचा वाटा असलाच तर अल्प आहे, आणि लोकांची दैना होण्यामागे दारिद्र्य, तुटपुंज्या सोयी आणि पावसावरचे संपूर्ण अवलंबित्व ही कारणे आहेत. पहिले मथळे छापणाऱ्या प्रत्येक वृत्तपत्राने हा निष्कर्ष तितक्याच ठळकपणे छापायला हवा होता. त्यात शास्त्राच्या प्रतिष्ठेपेक्षाही मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. प्रत्येक आपत्ती हवामान बदलाच्या खात्यावर टाकली की ओढ्यांवर बांधकामांना परवानगी देणारे अधिकारी, पूर्वसूचना लोकांपर्यंत न पोचवणारी यंत्रणा आणि धान्याचे साठे न करणारी सरकारे सहज सुटतात.

आपत्तीनुसार खात्री बदलते, हेही लक्षात ठेवावे. उष्णतेच्या लाटांबाबत ती सर्वांत पक्की आहे. अतिवृष्टीबाबतही ती चांगली आहे, कारण तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. दुष्काळाबाबत प्रदेशागणिक चित्र वेगळे असते, आणि गारपीट व छोट्या चक्रावातांबाबत शास्त्रज्ञ अजून फार थोडे ठामपणे सांगू शकतात.

प्रश्न : २०२४ मध्ये तापमानवाढीने १.५ अंशांची मर्यादा ओलांडल्याचे वाचले. म्हणजे पॅरिस करार मोडला, असे समजायचे काय?

उत्तर : नाही. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ चे तापमान औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते आणि ते वर्ष तोपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत उष्ण ठरले. २०१५ च्या करारातील मर्यादा मात्र दीर्घकालीन सरासरीची आहे, आणि ती साधारणतः वीस वर्षांच्या सरासरीवरून मोजली जाते. २०२४ मध्ये एल निनोचाही हातभार होता. अर्थात ती सरासरीही त्या रेषेच्या फार जवळ येऊन ठेपली आहे, हे बातमीत आले नाही तर ती बातमी अर्धवट राहते. आपण पाठवलेल्या कात्रणात ‘१.५ अंश सेल्सियस म्हणजे ३४.७ अंश फॅरनहाइट’ असे छापले आहे, ते चूक आहे. तापमानातील फरक बदलून सांगताना ३२ मिळवायचे नसतात, १.५ अंश सेल्सियसची वाढ म्हणजे २.७ अंश फॅरनहाइटची वाढ.

प्रश्न : ‘जग वाचवायला बाराच वर्षे उरली’ अशा बातम्या वाचून माझा मुलगा खचून गेला आहे. शिकून तरी काय उपयोग, असे तो म्हणतो. या बातम्या खऱ्या असतील तर त्याला मी काय सांगू? (एक आई)

उत्तर : आपल्या मुलाची अस्वस्थता मी हलक्याने घेणार नाही, आणि तो एकटाही नाही. दहा देशांतील १६ ते २५ वयोगटाच्या दहा हजार तरुणांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ५९ टक्के तरुणांनी आपण हवामान बदलाबद्दल अतिशय किंवा अत्यंत चिंतित असल्याचे सांगितले होते. बातम्या लिहिणाऱ्या आम्हा सर्वांवर याची जबाबदारी येते.

बारा वर्षांचा मथळा कसा जन्मला, ते त्याला सांगावे. आयपीसीसीचा ऑक्टोबर २०१८ चा विशेष अहवाल असे म्हणतो की वाढ १.५ अंशांवर रोखायची असेल तर कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटले पाहिजे आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढे सोडले तेवढेच परत शोषले जाईल अशा पातळीवर, आले पाहिजे. २०३० मधून २०१८ वजा केले की बारा उरतात. त्या तारखेला जग संपेल किंवा त्यानंतर प्रयत्न व्यर्थ ठरतील, असे त्या अहवालात कुठेही नाही. उलट त्याचा सारा भर अंशाअंशांतील फरकावर आहे: १.५ अंशांच्या वाढीला उष्ण कटिबंधातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील, दोन अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक. ही माहिती भयंकरच आहे, पण तिच्यातून निघणारा अर्थ असा की वाढ जिथे थांबवता येईल तिथे थांबवण्याला किंमत आहे. एक रेषा ओलांडली म्हणून पुढची मोकळी सोडण्याचे काहीच कारण नाही.

भीतीच्या बातम्यांमध्ये आणखी एक दोष वारंवार आढळतो. शतकाअखेर चार-साडेचार अंशांनी वाढ दाखवणारे अंदाज उत्सर्जनाच्या सर्वांत वरच्या शक्यतेवर आधारलेले असतात, आणि वर्षानुवर्षे वृत्तपत्रांनीच काय, अनेक शोधनिबंधांनीही ती शक्यता ‘काहीच केले नाही तर असे होईल’ म्हणून सादर केली. झीक हाउसफादर आणि ग्लेन पीटर्स यांनी २०२० मध्ये ही मांडणी दिशाभूल करणारी असल्याचे दाखवून दिले, कारण कोळशाचा वापर त्या शक्यतेत गृहीत धरल्याप्रमाणे वाढलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार सध्याची धोरणे तशीच चालू राहिली तर वाढ ३.१ अंशांच्या आसपास जाईल. तीन अंश हेही मोठे संकट आहे आणि त्यासाठी साडेचार अंशांची भीती दाखवण्याची मुळीच गरज नाही.

छायाचित्रांचेही असेच होते. उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या एका ध्रुवीय अस्वलाचे चित्रीकरण नॅशनल जिऑग्राफिकने २०१७ मध्ये ‘हवामान बदल असा दिसतो’ अशा आशयाच्या ओळीसह दाखवले आणि ते कोट्यवधी लोकांनी पाहिले. पुढच्या वर्षी त्याच मासिकाने मान्य केले की हा संबंध इतक्या ठामपणे जोडायला नको होता. त्या चित्रीकरणाच्या मोहिमेतील छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांनीही लिहिले की हे अस्वल हवामान बदलामुळेच उपाशी होते असे आपण सांगू शकत नाही. समुद्रावरील बर्फ घटतो आहे आणि अस्वलांना धोका आहे, याचे भरपूर पुरावे असताना या एका अस्वलावर सारा भार टाकल्याने विरोधकांना आयते निमित्त मिळाले.

उपाययोजनांच्या बातम्या त्याला आवर्जून वाचायला द्या, मात्र त्याही आकड्यांसह. २०१० ते २०१९ या काळात सौर ऊर्जेचा खर्च ८५ टक्क्यांनी, वाऱ्यापासूनच्या विजेचा ५५ टक्क्यांनी आणि लिथियम बॅटऱ्यांचा ८५ टक्क्यांनी घटला, असे आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात नोंदले आहे. ही कोणा उद्योगाची जाहिरात नाही. शिकून काय उपयोग, या त्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे राहील की वीजजाळे, शेती, इमारती आणि पूर्वसूचना या सर्व क्षेत्रांत पुढील तीस वर्षे शिकलेल्या माणसांचीच वाण पडणार आहे. आणि तो जेवत नसेल, झोपत नसेल, तर बातम्यांचा विचार बाजूला ठेवून त्याला समुपदेशकाकडे अवश्य न्यावे.

प्रश्न : मी एका छोट्या दैनिकात नवा वार्ताहर आहे. हवामान बदलावरील संशोधनाची प्रसिद्धिपत्रके माझ्याकडे येतात आणि बातमी तासाभरात द्यायची असते. विज्ञान शिकलेलो नाही. कमीत कमी काय पाळू?

उत्तर : प्रसिद्धिपत्रकावरून बातमी लिहू नका, किमान मूळ शोधनिबंधाचा सारांश आणि शेवटची चर्चा वाचा. त्या संशोधनात सहभागी नसलेल्या, पण त्याच विषयावर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाला फोन करा. ‘यातले नवे काय, आधीपासून माहीत असलेले काय आणि आपल्याला यात काय पटत नाही’, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बातमीचा पोत बदलतो. तासाभरात कोणी भेटले नाही तर संपादकांकडे एक दिवस मागा. हवामानाच्या संशोधनाची बातमी उद्या दिल्याने शिळी होत नाही.

आकड्यांमध्ये दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे तुलना कशाशी आहे. कोपर्निकस या युरोपीय सेवेनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळापेक्षा १.६० अंशांनी उष्ण होते, आणि १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.७२ अंशांनी; दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि आधारकाळ न लिहिता ते एकाच पानावर आले तर वाचक दोन्हींवर अविश्वास दाखवेल. दुसरे म्हणजे कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची सरमिसळ. एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे येथील एका चुकीने बातमी जवळजवळ चौपट फुगते किंवा आक्रसते.

‘शक्यता आहे’ असे अहवालात दिसले तर त्यामागचा आकडा शोधा. आयपीसीसीच्या पद्धतीत संभाव्यतेच्या प्रत्येक पायरीला ठरावीक टक्केवारी नेमून दिलेली आहे: ‘संभाव्य’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘अतिशय संभाव्य’ म्हणजे किमान ९०. बातमीत ती टक्केवारीच द्यावी. ही समिती स्वतः संशोधन करत नाही, प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे मूल्यमापन करते, आणि तिच्या धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशातील ओळ न् ओळ सरकारांच्या प्रतिनिधींसमोर मंजूर होते. म्हणून त्या सारांशाची भाषा बहुधा सावध असते.

आणि मोठ्या संस्थेचे नाव दिसले तरी मूळ स्रोतापर्यंत जाण्याची सवय लावून घ्या. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे वाक्य आयपीसीसीच्याच २००७ च्या अहवालातील एका परिच्छेदात छापले गेले होते. त्याचा माग काढला तेव्हा ते एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या अहवालातून आले होते, तो अहवाल १९९९ च्या एका लोकविज्ञान साप्ताहिकातील बातमीवर विसंबला होता, आणि ती बातमी एका शास्त्रज्ञाच्या मुलाखतीवर. तिथे समीक्षित, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासलेले, संशोधन नव्हतेच. जानेवारी २०१० मध्ये समितीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. हिमनद्या वितळत आहेत हे खरेच आहे आणि ते मोजलेले आहे, पण ती तारीख चुकीची होती आणि ती अहवालापर्यंत पोचवणारी पहिली कडी एका वार्ताहराच्या वहीतली होती.

विषय कागदावरचाच आहे असेही समजू नका. खाणी, जंगलतोड, तेलाचे साठे यांवर प्रत्यक्ष जाऊन लिहिणाऱ्यांना धोका असतो. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार पंधरा वर्षांत पर्यावरणावर लिहिणारे किमान ४४ पत्रकार मारले गेले. अशा ठिकाणी जाताना आपण कुठे आहात हे कार्यालयातील एका व्यक्तीला ठाऊक असू द्या, एकटे जाऊ नका, आणि टिपणांची प्रत त्याच दिवशी कार्यालयात पाठवा.